हातखंब्याचा ठिपका

जयगडच्या गाडीत मी एकदा मोरीला अर्धं तिकीट फाडलं होतं, असं रत्नागिरी डेपोत अजून सांगतात. मोरी म्हणजे शार्क मासा. दात पुरे आले नव्हते, म्हणून अर्धं. आमच्या साहेबांनी त्यावर मला लेखी खुलासा विचारला होता, असंही सांगतात. हा खुलाशाचा भागसुद्धा माझाच.

एस.टी.च्या चौतीस वर्षांत मी असल्या पन्नास-साठ गोष्टी पिकवल्या आणि त्यांतल्या एकीनेही कुणाचं वाकडं झालं नाही. एक मात्र नोकरीला लागायच्या आधीची होती. ती मी एका घराच्या पडवीत, दोन माणसांसमोर सांगितली. पुढे ती छापली गेली. नकाशासकट.

छापणारी खुर्शीद होडेकर. विद्यापीठात तिला डॉक्टर होडेकर म्हणतात. माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास आणि इतिहास, या दोन्ही विषयांतलं तिचं नाव मोठं आहे. रत्नागिरीच्या राजिवड्यात मात्र ती अजून युसुफ तांडेलाची खुर्शीद. युसुफ होडेकर हे ‘मुबारक’ नावाच्या गलबताचे तांडेल, म्हणजे कप्तान. मी त्यांच्या हाताखाली खलाशी होतो. एकोणसत्तर साली मे महिन्याच्या अखेरीस ‘मुबारक’ बुडालं. सहा जणांतला मी एकटा परत आलो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि खुर्शीद अकराची.

ती पुढे पुण्याला शिकली. पहिलं पुस्तक तिने आमच्याकडच्या मुसलमान बायका हळद लावताना गाणी म्हणतात त्यांवर लिहिलं. दुसरं त्याहून वेगळं. कुवेत-मस्कतला गेलेले नवरे ऐंशीच्या सुमारास पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवत. खुर्शीदने दारोदार फिरून अशा तीनशे बारा कॅसेटी मिळवल्या. बोलता बोलता माणूस कुठे गप्प होतो, किती वेळ गप्प होतो, आणि गप्प होण्याआधी त्याने कुणाचं नाव घेतलेलं असतं, एवढ्यावरच तिने अख्खं पुस्तक लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा दोन दिवस कुणाला थाप मारली नाही. मथुरा, म्हणजे माझी बायको, मला ताप आलाय समजली.

तिसरं पुस्तक शिडाच्या गलबतांवरच्या माणसांचं. ते तिचं सगळ्यात नावाजलेलं. त्यातलं सातवं प्रकरण परीक्षेला लावतात म्हणे. त्यात लिहिलंय की इकडची गलबतं बुडायला लागली की तांडेल सुकाणू सोडत नसे. तिथेच उभा राहून तो अजान देई आणि अजान पुरी करूनच पाण्यात जाई. सुरुवातीला तिच्या बावांची, म्हणजे वडिलांची, हकीकत आहे. मग अकरा गावांत ही रीत लोकांनी कशी कशी सांगितली, ते आहे. पूर्णगडला सांगतात की अजान होईतो वारा थांबला होता. नेवऱ्याला सांगतात, तीन वेळा दिली. जयगडला सांगतात, किनाऱ्यावरच्या लोकांनी ऐकली. प्रत्येक फरकाचा तिने अर्थ लावलाय.

तिचा कामाचा नियम कडक. एकाने सांगितलं ते ऐकायचं. दोघांनी सांगितलं तर वहीत लिहायचं. वेगवेगळ्या गावच्या तिघांनी सांगितलं तरच छापायचं. याला ती ‘तीन तोंडं’ म्हणते. या गोष्टीला तिला अकरा मिळाली होती.

गेल्या दिवाळीनंतर तिने मला घरी बोलावलं. मिरजोळ्याहून मी रिक्षाने गेलो. पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती निघणार होती. ‘ही शेवटचीच, धाकूदादा, आता डोळे साथ देत नाहीत,’ असं ती फोनवर म्हणाली होती. मेजावर नकाशा पसरलेला होता. रत्नागिरीचा किनारा आणि त्यावर लाल शाईचे अकरा ठिपके.

“मला एक कोडं सोडव,” ती म्हणाली. “जयगडला ही रीत माहीत आहे. खाडीच्या पलीकडे तवसाळला कुणालाच माहीत नाही. मधे पाणी किती, होडीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. खाली पूर्णगडला आहे, नाट्याला नाही. जैतापूरला नाही. आणि हा बघ, हातखंबा.”

“हातखंब्याचं काय?”

“तिथे समुद्र कुठाय? हायवेवरचं गाव. तिथे ही गोष्ट कशी पोचली?”

तिने त्याच्यावर पहिल्या आवृत्तीत चार पानं लिहिली होती. कधीतरी जुन्या काळी खलाशांची काही घरं किनारा सोडून वर सरकली असावीत, असं. आता तिला ती पानं पटेनाशी झाली होती.

मी नकाशाकडे नीट बघितलं. जयगड, नेवरे, पावस, पूर्णगड, हातखंबा. तो नकाशा नव्हता, माझा ड्यूटीचा तक्ता होता. माझी गाडी जिथे जिथे जायची तिथे तिथे ठिपका होता. तवसाळ गुहागर डेपोकडे, नाटे राजापूरकडे. तिथे मी कधी तिकीट फाडलंच नव्हतं. हातखंब्याला माझी गाडी अर्धा तास थांबायची आणि हरिश्चंद्राच्या टपरीवर चहाबरोबर लोकांना काहीतरी लागायचं. वाऱ्याचं थांबणं पूर्णगडच्या गाडीतलं. तीन वेळा दिली ते नेवऱ्याच्या. तेच ते सांगून मलाच कंटाळा यायचा, म्हणून बदलायचो.

तिची अकरा तोंडं, ती सगळी माझीच.

“काय वाटतं?” तिने विचारलं.

“खाडीपलीकडची माणसं जात्याच अबोल,” मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. नवीन पान, माझं नाव, आणि पुढे ‘एक’.

घरी आलो तर मथुरा तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी एकदा मला झोपेत ओरडताना तिने ऐकलं होतं आणि मग बोलतं केलं होतं. मी नकाशाचं सांगितलं. ती हसली नाही.

“सांगितलंस?”

“नाय.”

“का?”

“अगो, तिचं सातवं प्रकरण जाईल. नाव जाईल. तीस वर्षं पोरं तेच शिकतायत.”

“आणि तुझं काय जाईल?”

“माझं काय जायचंय? माझ्यावर कोण विश्वास ठेवतो?”

“तेच जाईल,” ती म्हणाली. “तिने नाय ठेवला विश्वास तर काय करायचं, ह्याची भीती हाय तुला. प्रकरण काय घेऊन बसलास.” थोड्या वेळाने तांदळातला खडा बाहेर टाकत ती म्हणाली, “त्या पोरीच्या बावाचं शेवटचं बोलणं पंचावन्न वर्षं तू दाबून ठेवलं हायस. ते तुझं नव्हं. तिचं हाय. नेऊन दे.”

दुसऱ्या दिवशी गेलो. खुर्शीदने चहा ठेवला. तो मी घेतला नाही. म्हटलं, आधी ऐक, आणि मधे बोलू नको. नाहीतर मी दुसरीकडे वळेन, मला सवय आहे.

आधी नकाशाचं सांगितलं. गाडी, मुक्काम, हरिश्चंद्राची टपरी, सगळं. तिने पेन खाली ठेवलं. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारत गेली. पावस? माझी. नेवरे? माझी. हातखंब्यावर बोट बराच वेळ राहिलं.

“म्हणजे अशी रीत नव्हतीच.”

“मी तरी कुठे बघितली नाही. दुसऱ्या कुणा तांडेलाने दिली असेल, नसेल. मला नाही माहीत.”

“आणि बावांनी?”

“तेच सांगायला आलोय.”

आम्ही मंगळूरहून कौलं भरून येत होतो. पूर्णगडच्या अलीकडे वाऱ्याने गाठलं. दोन दिवस ओरडून ओरडून तांडेलाचा घसा पार बसला होता. हुकूम ते हाताने द्यायचे आणि मी ते मोठ्याने सांगायचो. दुपारी तीन-साडेतीनला डोलकाठी मोडली, ती त्यांच्या बरगडीवर आली. कौलांचं ओझं, गलबत दगडासारखं गेलं. बाकीचे चौघे मला परत दिसले नाहीत. मोडक्या डोलकाठीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ते. मधे चार हात लाकूड.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “धाक्या, अजान दे.” आवाज कसला, नुसती हवा होती. मला ओठांवरून कळलं.

“मी? तांडेल, मी भंडाऱ्याचा पोर.”

“मग काय झालं? घसा तुझ्याकडे हाय. माझा गेला.”

“मला येत नाय.”

“चार महिने रोज ऐकतोस. चुकलास तर मी हाय.”

मी सुरुवात केली. पहिलं येत होतं, ते तर रत्नागिरीत कुणालाही ऐकून येतं. पुढे नमाजकडे या, म्हणजे सला, मग भल्याकडे या, म्हणजे फला, असं आहे. मी भल्याकडे आधी बोलावलं. तांडेलाने पाण्यातून हात वर केला. मला वाटलं बुडतायत. ते मला थांबवत होते.

“उलटं रे. आधी सला, मग फला. आधी नांगर उचलायचा, मग शीड.”

मी सरळ केलं. मग वाटलं अजून काहीतरी असतं. पहाटे उठवताना ते एक जास्तीचं वाक्य म्हणायचे, झोपेपेक्षा नमाज बरी, ते मी ठोकून दिलं. तेव्हा ते हसले. बरगडी मोडलेला माणूस, गळ्यापर्यंत पाणी, आणि हसले. तोंडात पाणी गेलं, खोकले.

“ते पहाटेचं, मेल्या. आता कोण निजलंय हितं?” आणि म्हणाले, “परत. पहिल्यापासून.”

मी डोळे मिटले. चुकायचं नव्हतं मला. सावकाश, एकेक शब्द धरून, मोठ्याने. सला आधी, फला मग. कुठेही अडखळलो नाही. शेवटपर्यंत नेली. बरोबर म्हटली म्हणून त्यांच्याकडे बघितलं, तर त्या टोकाला कुणी नव्हतं.

पूर्णगडच्या मच्छीमारांनी मला दिवेलागणीला उचललं. दोन दिवसांनी मी राजिवड्यात तुमच्या पडवीत आलो. तुझी आई उभी होती, तू तिच्या मागे. तिने विचारलं, त्यांनी काय केलं शेवटी? मी काय सांगणार होतो? की अजान मी दिली, तीही उलटीसुलटी? तुझी आई काय म्हणेल, तुमच्यातले लोक काय म्हणतील, माझ्या भावकीतले काय म्हणतील? मी म्हटलं, तांडेलाने अजान दिली. सुकाणू धरून. तुझ्या आईने तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, ‘अल्लाचा शुकर.’ झालं. त्यानंतर ती गोष्ट परत घेता येईना. घेता येईना म्हणून मग सगळीकडे सांगत सुटलो. जितक्या लोकांना सांगेन तितकी खरी होईल, असं काहीतरी डोक्यात असावं.

मी थांबलो. खुर्शीद नकाशाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नव्हती. कॅसेटींचं पुस्तक लिहिणारी बाई ती. तिच्यासमोर गप्प बसणंही सोपं नाही. शेवटी तिने विचारलं तेव्हा आवाज अगदी कामाचा होता, एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याला विचारावा तसा.

“नांगर आणि शीड. हे कुणाकुणाला सांगितलंयस?”

“कुणाला नाय.”

“मथुरावहिनीला?”

“तिला अजानीचं ठाऊक आहे. हे नाय सांगितलं. ह्यात सांगण्यासारखं काय होतं?”

“एस.टी.त? टपरीवर?”

“बाय, खरी गोष्ट मी कुठेच सांगितली नाय. तिचा तुकडा कसा सांगेन?”

ती उठून खिडकीपाशी गेली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“पावसाळ्यात गलबत ओढून ठेवलं की बावा चार महिने घरी असायचे,” ती म्हणाली. “मी सहा-सात वर्षांची असेन. मी कणगीवर चढून अजान द्यायचे, त्यांची नक्कल. आई चिडायची, पोरीबाळी अजान देतात का? बावा म्हणायचे, देऊ दे तिला, पण सरळ देऊ दे. मीसुद्धा फला आधी म्हणायचे. रोज. आणि ते झोपाळ्यावरून...” तिने वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाली, “हे मी कुठे लिहिलेलं नाही. घराबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. आई गेली, आता मी एकटी.”

मला वाटलं, ती रडेल. ती परत खुर्चीत बसली.

“म्हणून दाखव.”

“काय?”

“जशी दिलीस तशी. चुकांसकट.”

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझा आवाज काय राहिलाय. तरी म्हटलं. हळू, खोलीपुरती. फला आधी आली. खुर्शीदचा हात मेजावरून वर उठला आणि तिने मला थांबवलं.

“आधी नांगर,” ती म्हणाली.

मी सरळ केलं आणि पुढे गेलो. पहाटेच्या वाक्याला ती हसली. तिच्या बावांसारखी नाही, स्वतःसारखी. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी थांबायला लागलो तर म्हणाली, “पुरी कर.” पुरी केली. या खेपेला डोळे मिटले नाहीत.

नंतर बराच वेळ आम्ही गार चहा प्यायलो.

“आता हे लिही,” मी म्हटलं. “जुनं काढ आणि हे घाल.”

“नाही घालता येणार.”

“का? विश्वास नाही?”

“विश्वास आहे, धाकूदादा. तोंड एकच आहे.”

“दुसरं तुझं. नांगर-शीड तुझ्या घरातलं. आत्ताच म्हणालीस.”

“मी मोजायची नाही.”

“का नाही?”

“मला ते खरं असायला हवंय,” ती म्हणाली. “ज्याला एखादी गोष्ट खरी असायला हवी असते, त्याची साक्ष मी आजवर कधी धरली नाही. माझी कशी धरू?”

मी भांडलो. म्हटलं, अकरा खोटी तोंडं चालली, एक खरं चालत नाही, असला कसला तुझा नियम? ती म्हणाली, नियमाची चूक नाही, मी नीट विचारलं नाही ही चूक. प्रत्येकाला विचारायला हवं होतं, तुला हे कुणी सांगितलं? रीत म्हणून सांगतायत ना, मग आजोबा-पणजोबांकडून आली असणार, असं धरून चालले. “वडिलांच्या बाबतीत मला ऐकायचं तेच ऐकू आलं,” ती म्हणाली, आणि तेवढं वाक्य तिने वहीत टिपून घेतलं.

नवी आवृत्ती जूनमध्ये आली. सातवं प्रकरण तिने काढलं नाही. त्याचं नाव बदललं आणि आतलं सगळं नव्याने लिहिलं. नकाशा तोच आहे, अकरा ठिपक्यांचा. त्यावर आता एस.टी.चे रस्ते काढलेत, डेपोचं नाव आहे, आणि खाली माझं नाव, हुद्दा वाहक. एका बाईला दिलासा म्हणून सांगितलेली गोष्ट पंधरा वर्षांत अकरा गावांची रीत कशी होते, आणि अभ्यास करणाराच तिला शेवटी रीत कसा बनवतो, याच्यावर ते प्रकरण आहे. स्वतःला तिने कुठेही सोडलेलं नाही. हातखंब्याची चार पानं जशीच्या तशी छापून खाली लिहिलंय की ही चूक आहे. पुण्याच्या कुणीतरी पेपरात लिहिलं की बाईंनी स्वतःच्या हाताने आपलं चांगलं प्रकरण मारलं. तिने ते कात्रण मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, “बरं लिहितो.”

समुद्रातलं त्यात काही नाही. डोलकाठी नाही, नांगर नाही, हसणं नाही. फक्त प्रकरणाच्या शेवटी दोन ओळी आहेत: ‘त्या दुपारी काय घडलं हे प्रस्तुत लेखिकेला ठाऊक आहे. पुरावा नाही.’ मथुराने मला ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘ठाऊक आहे’ला ती थांबली, आणि मग पुस्तक मिटून आत घेऊन गेली.

परवा हातखंब्याला उतरलो होतो. टपरी आता हरिश्चंद्राचा मुलगा सागर चालवतो. दोन पोरं कॉलेजची होती, मुंबईच्या गाडीची वाट बघत. सागर त्यांना म्हणाला, “हे धाकूआजोबा. ह्यांच्यासमोर तांडेलाने अजान दिली होती, बुडत्या गलबतावर. सांगा ना आजोबा.”

“ते खोटं निघालं,” मी म्हटलं. “पुस्तकात आलंय.”

“काय सांगता. आमच्या हातखंब्याची रीत आहे ती, आमचे बाबा सांगायचे.”

पोरं माझ्याकडे बघत होती. हायवेवर ट्रक एकामागून एक जात होते. एवढ्या वर्षांत माझ्याकडे सांगायला काही नाही असं कधी झालं नव्हतं. त्या वेळीही होतं, समुद्रातलं खरं, आणि मी ते सांगितलं नाही. पोरांची गाडी येईपर्यंत त्यांना मोरीच्या अर्ध्या तिकिटाची गोष्ट सांगत राहिलो.